मरणाचा तक्ता आणि आत्याचं लग्न

परवा गिरणाऱ्याहून स्कूटीवर परत येताना रस्त्याकडेला द्राक्षबागांची खरड छाटणी चाललेली दिसली. सकाळी जाताना जो मांडव हिरवा होता, तो संध्याकाळी नुसत्या तारा आणि काळपट खोडं होऊन उभा होता. बांधावर कापलेल्या काड्यांचे ढीग पडले होते आणि त्यांचा अर्धवट हिरवा, अर्धवट वाळका वास रस्त्यापर्यंत येत होता. माहीत नसलेल्याला वाटावं, यांनी बाग मोडली; खरं तर नवी फूट यावी म्हणून ती छाटतात. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मलाही तसंच वाटलं होतं. आम्ही नांदगावकडची माणसं; आमच्याकडे द्राक्षं नाहीत, बाजरी आहे, कांदा आहे आणि एप्रिलपासून टँकरची वाट बघणं आहे. तो वास आला की मला दरवर्षी एक उन्हाळा आठवतो. आठवतो म्हणजे समजतो असं नाही. उलट दरवर्षी त्यातलं काहीतरी नव्याने समजेनासं होतं.

मी तेव्हा बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाची परीक्षा दिली होती. विषय संख्याशास्त्र. कॉलेजातल्या सरांच्या ओळखीने गंगापूर रोडवरच्या एका छोट्या ऑफिसात उन्हाळ्यापुरती इंटर्नशिप मिळाली. ऑफिस ॲक्चुअरीचं. हा शब्द आमच्या घरात कुणाच्याच तोंडात नीट बसला नाही. पप्पा हायस्कूलला गणिताचे शिक्षक, तरी स्टेशनवर भेटेल त्याला सांगायचे, "प्रज्ञा आता ॲक्च्युअली करणार आहे." समोरचा वाट बघायचा की पुढे काय, ॲक्च्युअली काय करणार आहे? मम्मीने त्यावर आपला सोपा अर्थ लावला होता. "विम्यासारखं गणित असतं म्हणे. कोण कधी जाणार ते काढतात." शेजारच्या काकूंनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी हात बघायला शिकायला निघाले होते.

राहायची सोय शोभाआत्याकडे झाली. आत्या पप्पांची धाकटी बहीण, पन्नाशी ओलांडलेली. तिचे मिस्टर जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगी लग्न होऊन पुण्याला होती, आणि आत्या गंगापूर रोडच्या आतल्या गल्लीत दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये एकटी राहायची. नोकरी विंचूरच्या वाइनरीत, ऑफिसात क्लार्क म्हणून. रोज सकाळची कंपनीची बस, संध्याकाळी तीच बस. रोज सकाळी वंदना म्हणताना मद्यापासून दूर राहण्याचं शील घ्यायचं आणि मग दिवसभर वाइनच्या बाटल्यांची बिलं करायची, यात तिला स्वतःलाच हसू यायचं. "मी वास सुद्धा घेत नाही गं," ती म्हणायची, "पण कुठल्या पिंपातला माल कुठे गेला ते झोपेत विचार, सांगते." विंचूरच्या कांदा मार्केटवरून येताना तिच्या साडीला कांद्याचा वास लागायचा. वाइनरीतून कांद्याचा वास घेऊन घरी येणारी बाई मी दुसरी पाहिली नाही.

मी आले त्याच संध्याकाळी कूलर बंद पडला. आत्याने कुणाला तरी फोन केला आणि थोड्या वेळात एक उंच, सडपातळ, पांढऱ्या मिशांचे गृहस्थ खांद्याला पिशवी अडकवून दारात उभे राहिले. "जय भीम. कुठाय पेशंट?" म्हणाले आणि सरळ कूलरकडे गेले. हे वाघमारेकाका. वीज खात्यातून लाइनमन म्हणून निवृत्त झालेले, मूळचे येवल्याकडचे, बायको जाऊन बरीच वर्षं झालेले. आत्या जायची त्या विहारातलं लाइटचं आणि माइकचं सगळं काम तेच बघायचे, आणि बुद्धपौर्णिमेच्या खिरीचा हिशेब आत्याकडे असायचा, तिथली ओळख. कूलरचं मागचं झाकण काढून त्यांनी आत हात घातला तेव्हा शर्टाचं वरचं बटण उघडं होतं आणि छातीच्या मधोमध वरून खाली गेलेला एक जाड, चकचकीत व्रण मला दिसला. मी बघतेय हे त्यांना कळलं.

"बायपास," ते म्हणाले. "नवीन वायरिंग केलंय पूर्ण. जुनी लाइन लय खराब झालती."

आणि स्वतःच इतक्या मोठ्याने हसले की समोरच्या फ्लॅटचं दार उघडलं. आत्याही हसली. मी आत्याला तसं हसताना लहानपणी कधीतरी पाहिलं असेल, आठवत नव्हतं.

ऑफिस तिसऱ्या मजल्यावर होतं. खाली उसाच्या रसाचं दुकान, त्यामुळे दुपारभर घुंगरांचा आवाज वर यायचा. ऑफिस देवरे मॅडमचं. मॅडम सटाण्याच्या, पण खूप वर्षं मुंबईत मोठ्या कंपनीत काम करून नाशिकला परतलेल्या. केस बारीक कापलेले, आवाज कोरडा, चूक दिसली की आधी चष्मा काढायच्या आणि मग बोलायच्या. फक्त दुपारी आईचा फोन आला की त्यांचा सगळा चेहरा बदलायचा. "माय, कशी शे तू? जेवनी का?" एवढं ऐकलं की आम्ही समजायचो, पुढची थोडी मिनिटं ऑफिसात सुट्टी.

काम असं होतं. सातपूर, अंबडकडच्या कारखान्यांत जी माणसं कामाला असतात, त्यांना निवृत्त होताना कंपनी ग्रॅच्युइटी देते. मध्येच कुणी वारलं तर घरच्यांना देते. पुढे कधीतरी द्यायच्या त्या रकमेपोटी कंपनीने आज काय धरून चालावं, याचा अंदाज आम्ही करून द्यायचा. कंपनीकडून माणसांची माहिती यायची. नावं नसायची. एक क्रमांक, जन्मतारीख, नोकरीला लागल्याची तारीख, पगार. माझं पहिलं काम त्यातल्या चुका शोधणं. एक माणूस जन्मायच्या आधीच नोकरीला लागला होता. मी कंपनीत फोन केला, तर तिकडचा क्लार्क म्हणाला, "मॅडम, माणूस खरा आहे हो, रोज येतो. तारखेचं तेवढं तुमच्याकडून बघून घ्या."

मग मॅडमनी मला तक्ता दाखवला. मृत्युदराचा. वरच्या ओळीत जन्मलेल्या माणसांचा एक मोठा गोल आकडा आणि खाली एकेका वयाची एकेक ओळ. प्रत्येक ओळीत थोडी माणसं कमी. लहान वयात अगदी थोडी, मग पुष्कळ वर्षं जवळजवळ नाहीतच म्हणावी इतकी, आणि मग पन्नाशीपासून उतार लागतो. शेवटच्या ओळीत कुणीच उरत नाही. मला आधी तो तक्ता सुंदर वाटला. खरं सांगते, सुंदर. इतकं शांतपणे लिहिलेलं मी काही पाहिलं नव्हतं. संध्याकाळी रस्त्यावर उतरले, रसाच्या दुकानासमोर उभ्या असलेल्या माणसांकडे पाहिलं, आणि प्रत्येकाच्या तोंडाकडे बघून मी त्याची ओळ शोधायला लागले. तेव्हा तो सुंदर वाटेना.

आणखी एक गोंधळ होता. तक्त्यात जाण्याचे प्रकार होते. निवृत्त होऊन जाणं, नोकरी सोडून जाणं, मरून जाणं. मराठीत आपण तिन्हींना 'गेले'च म्हणतो. पण घरात कुणी 'गेले' म्हटलं तर ऐकणाऱ्याला लगेच कळतं, कुठलं गेले. आवाजावरून कळतं. माझ्या समोरच्या पडद्यावर आवाज नव्हता. मी मॅडमना तसं म्हटलं. त्यांनी चष्मा काढला.

"एका माणसाबद्दल आपल्याला काहीही माहीत नसतं, प्रज्ञा. हजार माणसांबद्दल बरंच माहीत असतं. एवढं लक्षात ठेव, बाकी एक्सेल शिकशील."

मी लक्षात ठेवलं. पण एक एक माणूस मिळूनच हजार होतात ना, मग माहीत नसलेल्यांची बेरीज माहीत असलेली कशी होते? सिद्धता मला येत होती. परीक्षेत लिहून मार्क मिळवले होते. तरी दुपारच्या उन्हात स्टॉपवर उभी असताना ती सिद्धता माझ्या अंगाला लागत नव्हती.

मेच्या सुरुवातीला एका रविवारी आत्याने कुरडयांचा घाट घातला. सकाळी लवकर गव्हाचा चीक शिजवून आम्ही दोघी गच्चीवर गेलो. प्लास्टिकचा कागद अंथरला, चार कोपऱ्यांवर विटा ठेवल्या. ती सोऱ्या फिरवत होती, मी चीक भरून देत होते. ऊन अजून चढायचं होतं. तिने सोऱ्यावरची नजर न काढता म्हटलं, "प्रज्ञा, मी लग्न करतेय. वाघमाऱ्यांशी."

मी काय म्हणावं? आजही मला माझ्या तोंडून निघालेल्या शब्दाचं आश्चर्य वाटतं. मी म्हटलं, "कशाला?"

तिला राग आला नाही. तिने कुरडई पूर्ण केली, सोऱ्या खाली ठेवला. "तू विचारलंस तेच मी स्वतःला दोन वर्षं विचारलं," ती म्हणाली. "उत्तर नाही सापडलं. पण संध्याकाळी बसमधून उतरले की मी भरभर चालते आता. आधी चालायचे नाही."

मी मान हलवली. मला समजलं होतं की नव्हतं? वयाच्या विशीत आपल्याला वाटतं, प्रेम वगैरे आपल्या वयाचं सामान आहे, मोठ्यांनी ते केव्हाच माळ्यावर टाकलंय. माझ्या समोर आत्याचे हात कोपरापर्यंत चिकाने माखले होते आणि ती लाजत होती. मी कुठे बघावं ते न कळून कुरडयांकडे बघत राहिले.

आत्याने पप्पांना फोनवर सांगितलं आणि पप्पा एका कामाच्या दिवशी सकाळच्या गाडीने नाशिकला आले. आत्या विंचूरला गेली होती. मी ऑफिसातून अर्धी सुट्टी घेतली. पप्पा पाणी प्यायले, शर्टाची बाही दुमडत बराच वेळ बसले. मग म्हणाले, "मी पुनर्विवाहाच्या विरोधात नाही. उद्या लोक म्हणतील, गुरुजी जयंतीला स्टेजवर एक बोलतात आणि घरात दुसरं. तसं नाही ते."

"मग?"

"माणूसही चांगला आहे. मी चौकशी केली."

"मग काय, पप्पा?"

त्यांनी खिडकीकडे पाहिलं. "तू लहान होतीस. तिचे मिस्टर गेले तेव्हा मी तिला नांदगावला घेऊन आलो होतो. ती भिंतीला टेकून बसायची. ताट पुढे ठेवलं की ताटाकडे बघत राहायची. तुझी मम्मी तिला घास भरवायची, लहान मुलाला भरवतात तसा. एक दिवस तिने मला विचारलं, दादा, आज वार कोणता? आणि मी रडलो. कारण कितीतरी दिवसांनी ती बोलली होती. या माणसाचं बायपास झालंय. साठी उलटलीय. मला ते परत बघायचं नाही, प्रज्ञा. बास."

मी पप्पांना कधी असं बोलताना ऐकलं नव्हतं. गणिताचे शिक्षक, बोलायचे तेही पायरी-पायरीने. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवावा की नको या विचारात असताना ते माझ्याकडे वळले.

"तू तेच शिकतेस ना? काढ. साठीच्या पुढचा पुरुष, बायपास झालेला. किती वर्षं? माझं ती ऐकणार नाही. आकड्याचं ऐकेल."

"पप्पा, तसं नसतं ते."

"तसं नसतं तर मग काय शिकतेस?"

पप्पा संध्याकाळी आत्या यायच्या आत परत गेले, रविवारी मम्मीला घेऊन येतो म्हणाले. मी गॅलरीतून त्यांना रिक्षा थांबवताना पाहिलं. ते एकदम थकलेले दिसले. मला वाटलं, त्यांचं बरोबर आहे. मग आत्या आली, जिना भरभर चढून आली, आणि मला वाटलं, हिचं बरोबर आहे. दोघांचं एकाच वेळी बरोबर असलं तर मधल्या माणसाने उभं कुठे राहायचं?

दुसऱ्या दिवशी मी मॅडमना विचारलं. गोल गोल विचारलं. समजा एखादा माणूस असेल, समजा त्याचं ऑपरेशन झालं असेल, तर तक्त्यात काय बदल करतात?

"कोण आहे?" मॅडम म्हणाल्या.

मी सगळं सांगितलं. त्यांनी मध्ये एकदाही चष्मा काढला नाही. मग म्हणाल्या, "तुला आकडा हवाय की परवानगी?"

"पप्पांना आकडा हवाय."

"आणि तुला?"

"माहीत नाही."

"आकडा काढता येतो. विमा कंपन्या काढतात. तो त्यांच्या कामाचा असतो, कारण त्यांच्याकडे असे पुष्कळ असतात. एक चुकला तर दुसऱ्यात भरून निघतं. तुझ्या आत्याकडे किती वाघमारे आहेत?"

मी हसले, त्या हसल्या नाहीत. त्या खिडकीपाशी गेल्या, पडदा सारला. "मी हे काम इतकी वर्षं करते. माझी आई सटाण्याला एकटी असते. तिच्या वयाची ओळ मला पाठ आहे. आणि तिने दोनदा फोन उचलला नाही की मी हातातलं काम टाकून शेजाऱ्यांना फोन लावते. त्यामुळे मला विचारू नकोस, तुझ्या आत्याने काय करावं. मला खरंच येत नाही."

त्या दिवशी सगळे जेवायला गेल्यावर मी तक्ता उघडला. वाघमारेकाकांची ओळ पाहिली. आत्याची पाहिली. मग हात आपोआप पप्पांच्या वयाकडे गेला, मग मम्मीच्या. मग मी पटकन माझ्या वयाच्या ओळीवर आले. तिथे काहीच नव्हतं, म्हणजे असून नसल्यासारखं. खाली घुंगरं वाजत होती. मी फाइल बंद केली आणि मला भूक लागली नाही.

रविवारी सगळे जमले. पप्पा, मम्मी, आत्या, मी. आणि आत्याने मुद्दाम बोलावलेले वाघमारेकाका. इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून ते खुर्चीच्या कडेवर बसले होते. चहा झाला. उन्हाळ्याचं, पाण्याचं, नांदगावच्या टँकरचं बोलणं झालं. शेवटी काकाच म्हणाले, "गुरुजी, तुमच्या मनात काय हाय ते मला कळतंय. मी डॉक्टरला इचारलं. ते म्हणले, जपून राहा, बिडी नको, चालत जा. किती दिवस ते नाय म्हणले. मी पण नाय इचारलं. खांबावर चढताना कधी इचारलं नव्हतं, आता काय इचारू?"

पप्पा म्हणाले, "वाघमारे, मला तुमचा अपमान करायचा नाही. पण या पोरीचा तो विषय आहे. ती सांगेल. प्रज्ञा, बोल."

सगळ्यांचे डोळे माझ्यावर. मला वाटलं उठून आत जावं. मला वाटलं खोटं बोलावं; कुठल्या बाजूचं खोटं, तेही ठरत नव्हतं. मग जे पाहिलं होतं तेच मी बोलले.

"काका आत्याच्या आधी जाण्याची शक्यता जास्त आहे," मी म्हटलं. आवाज कुणाचा तरी दुसऱ्याचा वाटत होता. "बायपासमुळे आणखी जास्त. पण पप्पा, बायपास नसतं तरी उत्तर हेच आलं असतं. नवरा मोठा, बायको लहान. बहुतेक सगळ्या लग्नांचं हेच उत्तर येतं. तुमचं आणि मम्मीचंही. मी पाहिलं."

पप्पांनी मम्मीकडे पाहिलं नाही. मम्मीनेच कपबश्या गोळा करता करता म्हटलं, "मग मी काय करू? आत्ताच सोडून जाऊ का यांना?"

वाघमारेकाका हसायला लागले आणि मध्येच थांबले, कारण आत्या हसत नव्हती. ती पप्पांकडे बघत होती.

"दादा," ती म्हणाली, "तुला वाटतं मला हे माहीत नाही? या घरात बसलेल्या बायकांमध्ये नवरा जाणं काय असतं ते फक्त मलाच माहीत आहे. वहिनीने मला घास भरवले ते मी विसरले का? मला सगळं आठवतं. भिंतीचा रंगसुद्धा आठवतो. तरी मी हो म्हटलंय. तू मला भीती घालू नकोस. ती माझ्याकडे आहेच."

पप्पा उठले, चप्पल घातली, जिना उतरून खाली गेले. मम्मी त्यांच्या मागे गेली. वाघमारेकाका उभे राहिले, बसले, पुन्हा उभे राहिले. मला म्हणाले, "तू काय घाबरू नको पोरी. लाइन चालू हाय का बंद, तेवढंच बघितलं तू. बघावंच लागतं." आणि तेही गेले.

आत्या त्या रात्री माझ्याशी एवढंच बोलली: "तू खरं बोललीस. पण त्यांच्या तोंडावर बोललीस." मग दोन दिवस आमच्यात फक्त डबा, किल्ली आणि पाण्याची मोटर एवढंच बोलणं झालं. मी त्या घरात काय केलं होतं? पप्पांना वाटलं, मी आत्याची बाजू घेतली. आत्याला वाटलं, मी काकांना मरणाची ओळ वाचून दाखवली. मला वाटलं होतं, मी कुणाचीच बाजू न घेता जे आहे ते सांगतेय. ऑफिसात ते चालायचं. तिथे समोर क्रमांक असायचे.

तिसऱ्या दिवशी सकाळी आत्या माझ्या डब्यात भाजी भरता भरता म्हणाली, "लग्नात माझ्या बाजूने तू उभी राहा. पांढरी साडी आहे माझ्याकडे, ब्लाउजही तुला बसेल." मी हो म्हटलं आणि आम्ही दोघी एकदम वेगवेगळ्या दिशांना वळलो, कारण दोघींचेही डोळे भरले होते.

लग्न विहारात झालं, मे संपता संपता. जेमतेम तीसेक माणसं. खिडक्यांना ओले पडदे लावूनही घामाच्या धारा लागल्या होत्या. आत्याची मुलगी पुण्याहून आली होती. ती आईला चिकटून बसली होती आणि काकांकडे चोरून बघत होती. पप्पा येणार की नाही हे मम्मीलाही माहीत नव्हतं. ती एकटीच आली. फोटोंना हार घातले, मेणबत्त्या लावल्या, वंदना सुरू झाली. आणि मागच्या रांगेतून पप्पांचा आवाज आला. केव्हा येऊन बसले होते कोण जाणे. नांदगावच्या विहारात वर्षानुवर्षं तेच वंदना सांगतात. हळू म्हणणं त्यांना जमतच नाही. त्यांच्या आवाजात सगळी खोली भरून गेली, इथे एरवी वंदना सांगणारे गृहस्थही गप्प होऊन त्यांच्या मागून म्हणू लागले. आत्या मागे वळली नाही. तिचे खांदे मात्र हलत होते. माझ्या हातात तिची फुलं होती, आणि मी ती इतकी घट्ट धरली होती की देठांचा रस माझ्या बोटांना लागला.

जेवून पप्पा लगेच निघाले. काकांच्या हातात हात दिला, "काळजी घ्या" म्हणाले. कुणाची, ते नाही म्हणाले.

जूनमध्ये इंटर्नशिप संपली तेव्हा मॅडमनी विचारलं, पुढे हे करणार का? मी म्हटलं, माहीत नाही. त्या म्हणाल्या, "बरंय. ज्यांना पक्कं माहीत असतं ते ॲक्चुअरीच्या परीक्षेच्या पहिल्या पेपरनंतर पळतात." मी पळाले नाही. काही पेपर निघाले, काही अडकले आहेत, आणि मी आता त्याच ऑफिसात काम करते. नव्या इंटर्न येतात. मी त्यांना तक्ता दाखवते. हजार माणसांचं वाक्य मीही त्यांना सांगते, आणि सांगताना दरवेळी क्षणभर अडखळते. पप्पा आता काकांशी फोनवर बोलतात, क्रिकेटवर आणि ब्लड प्रेशरवर. पण नाशिकला आले तरी आत्याकडे मुक्काम करत नाहीत. शेवटची गाडी गाठतात. त्यांना मी एकदा विचारलं, अजून वाटतं का चुकलं? ते म्हणाले, "ती सुखात आहे. म्हणून तर जास्त भीती वाटते." मी यावर किती विचार केला. हे त्यांनी लग्न मान्य केल्याचं बोलणं की न केल्याचं?

परवा गिरणाऱ्याहून आले त्या रात्री आत्याकडेच राहिले. हॉलमध्ये दिवाणावर झोपले होते. पहाटे कसल्याशा चाहुलीने जाग आली. बाहेर नुकतं उजाडत होतं. आतल्या खोलीच्या दारात आत्या उभी होती, चौकटीला एका हाताने धरून. अंघोळ झालेली, केस ओले, पायात काही नाही. ती आत बघत होती. अजिबात हलत नव्हती. मला वाटलं काही झालं, मी उठायला गेले, आणि मग तिचे ओठ दिसले. ती मोजत होती की काहीतरी म्हणत होती, कळलं नाही. आत काका पाठीवर झोपलेले, अंगावर पातळ चादर. मीही त्या चादरीकडे बघायला लागले. ती वर येत होती, खाली जात होती. वर येत होती.

काकांनी डोळे न उघडताच विचारलं, "काय बघती गं रोज सकाळी?"

"पंखा चालूय का ते," आत्या म्हणाली.

"लय जोरात चाललाय की."

आणि ते हसले, तेच मोठं हसू, शेजारच्यांना उठवणारं. आत्याने चौकट सोडली. पदराने तोंड पुसलं, आत जाऊन त्यांच्या अंगावरची चादर उगाचच ओढून सारखी केली आणि स्वयंपाकघरात जाऊन चहाचं आधण ठेवलं. मी डोळे मिटून पडून राहिले. ती गुणगुणत होती.